पाणी मानवणे

बदलीच्या गावी रुजू झाल्यावर पंधरा दिवसांच्या आत घरून पत्र येते. आता पत्राची जागा दूरध्वनीने घेतली आहे. पण त्यातला एक प्रश्न काही बदललेला नाही : 'तिकडचे पाणी मानवले का?' पगार किती वाढला, राहायला घर कसे मिळाले, वरिष्ठ कोण आहेत, हे सारे प्रश्न त्याच्या नंतरचे. परमुलखात राहण्यासंबंधीचे सगळे शहाणपण आपल्या वाडवडिलांनी या एका क्रियापदात साठवून ठेवले आहे. पाणी मानवले म्हणजे माणूस टिकला. न मानवले तर पोटापासून मनापर्यंत सारेच बिघडते. या क्रियापदाची आणखी एक गंमत आहे. ते माणसाकडे कर्तेपण देत नाही. 'मी पाणी मानवून घेतले' असे कोणी म्हणत नाही. पाणी मानवते किंवा मानवत नाही. माणसाने आपली वाट पाहावी.

सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी सात गावांचे पाणी प्यालो. नर्मदेचे प्यालो, साबरमतीचे प्यालो, हुगळीचेही प्यालो. कुठे ते पहिल्या आठवड्यात मानवले, कुठे तीन वर्षे उकळून घ्यावे लागले. परंतु पाणी मानवणे म्हणजे नेमके काय, हे मला कोणा वैद्याने शिकवले नाही की अनुभवी सहकाऱ्याने शिकवले नाही. ते एका माशाने शिकवले. आणि तो मासाही माझ्यासारखाच बदलीवर आलेला होता.

कुमाऊँमध्ये माझी नेमणूक झाली ती एका योजनेच्या हिशेबाच्या कामावर. नैनीताल जिल्ह्याचा हा भाग म्हणजे तळ्यांचा मुलूख. नैनीतालचे नाव सर्वांना ठाऊक असते. पण त्याच्या खालच्या अंगाला, बांज आणि चीड यांच्या डोंगरांमध्ये, भीमताल, सातताल, नौकुचियाताल अशी एकाहून एक देखणी तळी पसरलेली आहेत. माझ्या चार वसंतांच्या सकाळी ज्या तळ्याकाठी गेल्या, ते याच पंगतीतले एक लहानसे पाणी. त्याचे नाव मात्र मी सांगणार नाही. गळ टाकणाऱ्यांचा तो अलिखित नियम आहे. आपले उत्पन्न, आपले वय आणि आपली दुखणी ते खुशाल सांगतील; पण मासा लागण्याची जागा सख्ख्या भावालाही सांगणार नाहीत.

आता सख्ख्या भावाचा विषय निघालाच आहे, तर सांगितले पाहिजे की माझ्या या छंदाचा सर्वांत मोठा धक्का थोरल्या बंधूंना बसला. आमचे घर कऱ्हाडचे, पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. आमच्या घरात मासा यायचा तो फक्त दशावताराच्या चित्रात. कृष्णेच्या घाटावर लहानपणी आम्ही माशांना चुरमुरे टाकले एवढाच आमचा आणि जलचरांचा संबंध. अशा घरातला मुलगा पन्नाशीला येऊन गळ घेऊन बसतो, हे ऐकल्यावर बंधूंनी काही वेळ फोनवर काहीच शब्द काढला नाही. मग ते म्हणाले, "खातोस का?" मी म्हटले, "नाही. पकडतो आणि सोडून देतो." तेव्हा ते अधिकच गोंधळात पडले. "खायचा नाही, तर पकडायचा कशाला?"

बंधू संस्कृतचे अध्यापक. दोनच दिवसांनी त्यांचा पुन्हा फोन आला आणि या खेपेला सूर बदललेला होता. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर, तिसरा, याने बाराव्या शतकात रचलेला 'मानसोल्लास' त्यांनी काढून पाहिला होता. या ग्रंथात राजाने करावयाच्या विनोदांमध्ये मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. माशांच्या जाती कोणत्या, त्या कुठे राहतात, कोणाला कोणते आमिष रुचते, गळ कसा असावा, दोरी कशी असावी, याचा तेथे एखाद्या जाणत्या कोळ्याने सांगावा तसा तपशील आहे. ज्या ग्रंथात आपल्या मराठीचे काही जुने शब्द जपले गेले आहेत, त्याच ग्रंथात गळाची विद्याही असावी, याचे बंधूंना समाधान वाटले. "राजाचा विनोद होता, हे खरे," ते म्हणाले, "पण तू हिशेबनीस आहेस, हे विसरू नकोस." तेवढ्यावर मला परवानगी मिळाली.

माझ्या हाती काठी दिली ती आमच्या शेजारच्या सुभेदारसाहेबांनी. कुमाऊँ रेजिमेंटमधून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली होती. मध्यंतरी काही काळ ते पुण्याला खडकीत होते. त्या काळाची खूण म्हणून 'काय हो साहेब' एवढे तीन शब्द त्यांच्याजवळ शिल्लक होते, आणि भेटताक्षणी ते तिन्ही एकदम खर्ची घालत. पुढचे सारे बोलणे हिंदीत, आणि मासा जवळ आला की कुमाऊँनीत, तेही कुजबुजत.

तिकडचा वसंत आपल्याकडच्यासारखा घाईने येऊन उन्हाळ्यात विरून जात नाही. फाल्गुनात अंगणातले आडू आणि खुबानीचे खराट्यासारखे झाड एकाएकी फुलून येते. वर डोंगरात बुरांसची लाल फुले पेटतात. मार्चच्या मध्यास सौर चैत्राची संक्रांत आली की लहान मुले सकाळी घरोघर जाऊन उंबरठ्यावर फुले ठेवतात. त्या सणाला फूलदेई म्हणतात. आमच्या उंबरठ्यावर ती फुले पडली, त्यानंतर काही दिवसांनी आम्ही गुढी उभारली, आणि ती काय आहे हे पाहायला तीच मुले पुन्हा आली. दोन पंचांगांचे चैत्र असे एकाच उंबरठ्यावर भेटत.

पण वसंताची खरी खबर पाण्याखाली आधी पोहोचते. हिवाळ्यात तळे वरपासून तळापर्यंत एकसारखे गार होते. वरचे जड पाणी खाली बसते, खालचे वर येते, सारे ढवळून निघते. मग ऊन चढू लागले की वरचा थर ऊबदार होतो, आणि त्यातही काठचे उथळ पाणी सर्वांच्या आधी. हिवाळाभर खोल पाण्यात जवळजवळ अन्नावाचून पडून राहिलेला महासीर या उबेच्या मागाने वर येतो आणि काठाशी फिरू लागतो. सुभेदारांजवळ थर्मामीटर नव्हता. ते मनगटापर्यंत हात पाण्यात बुडवीत, डोळे मिटून काही वेळ स्वस्थ बसत आणि निकाल देत. त्यांचे एक ठरलेले वाक्य होते : "साहब, फागुन में मछली सोती है, चैत में सोचती है, बैसाख में खाती है।" आम्ही जात असू ते तिच्या विचारात पडण्याच्या दिवसांत. खाणारा मासा कोणीही पकडील. विचार करणाऱ्या माशाला पटवण्यात पुरुषार्थ, असे त्यांचे मत.

आमची सामग्री साधी. एक जुनी काठी, चकरी, नायलॉनचा दोर आणि गळ. गळाचा उलटा काटा सुभेदारांनी कानशीने घासून काढलेला असे. उलटा काटा असला की मासा निसटत नाही. पण सोडवताना त्याचा जबडा फाटतो. महासीरची ही सोनेरी जात आज जगभर संकटग्रस्त गणली जाते, आणि पकडलेला मासा सोडून देणे हे आता सभ्यतेचे नव्हे, कर्तव्याचेच अंग झाले आहे. आमिष म्हणून भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ आणि कणीक एकत्र मळून केलेल्या गोळ्या. त्या मळणे माझ्या पत्नीकडे आले. पुरणाची कणीक तिंबणाऱ्या हाताला ते काम अवघड नव्हते. फक्त गोळ्या कुणासाठी आहेत हे कोल्हापूरला कळवायचे नाही, अशी तिची अट होती.

त्या चैत्रातली एक सकाळ मला स्पष्ट आठवते. सूर्य डोंगराआड होता. पाण्यावर धुराचा असावा तसा पातळ पडदा होता. एक खंड्या वाकलेल्या फांदीवर बसून आमच्याइतक्याच गांभीर्याने पाण्याकडे पाहत होता. आपल्या सह्याद्रीतल्या शीळकरी कस्तुराचा एक हिमालयीन भाऊबंद ओढ्याच्या बाजूला शीळ घालीत होता. वरून येणारा एक नाला जेथे तळ्याला मिळतो, तेथे गोट्यांवरून पाण्याची सरी अगदी बोटभर जाडीने उतरत होती. सुभेदारांनी तिकडे हनुवटीने खूण केली. आमिष तिथल्या सावलीच्या कडेला पडले. मग पाऊण तास काही घडले नाही.

गळ टाकून बसण्यातला हा पाऊण तास ज्याने अनुभवला नाही, त्याला तो समजावून सांगणे कठीण आहे. हातात काम असते आणि काम काहीच नसते. लक्ष एका बिंदूवर असते, आणि म्हणूनच भोवतालचे सारे त्या लक्षात आपोआप येऊन बसते. चार वर्षांत त्या तळ्याबद्दल मला जे कळले, ते या पाऊणपाऊण तासांत कळले. कोणत्या बाजूची शेवाळे आधी हिरवी होतात, पाणकावळे कोणत्या खडकावर पंख वाळवतात, पावसाळ्यानंतर पाणी किती दिवस गढूळ राहते, नव्या बांधकामाची माती कोणत्या उतारावरून येते, ही माहिती कचेरीच्या कोणत्याही नकाशावर नव्हती.

मग दोर एकदम ताठ झाला. महासीरचा पहिला झपाटा हा शब्दांत धरता येण्याजोगा नाही. चकरी अशी किंचाळू लागते की आपल्या हातून काही मोडले असे वाटते. या माशाच्या जबड्यात दात नसतात. ते असतात घशात, आणि त्यांनी तो गोगलगाईंची कवचे चुरडतो. त्याचे बळ मात्र शेपटीत. साठसत्तर हात दोर घेऊन तो खोल पाण्यात गेला, थांबला, वळला, पुन्हा गेला. सुभेदार माझ्या कानाशी एकच शब्द म्हणत होते, "देते जाओ, देते जाओ।" ओढाओढीत दोर तुटतो, द्यावे आणि घ्यावे, पुन्हा द्यावे. वीसेक मिनिटांनी तो कडेला आला.

चार किलोंचा असेल. पाठ काळपट हिरवी, कुशी पिवळ्या सोन्याच्या, पर तांबूस, जाड ओठांवर चार मिशा. आणि खवले रुपयाच्या नाण्याहून मोठे, एकावर एक असे रचलेले की देवळाच्या शिखरावरच्या कोरीवकामाची आठवण व्हावी. सुभेदारांनी मला आधी हात ओले करायला लावले. कोरड्या हातांनी माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि तिथे पुढे रोग धरतो. पाण्याबाहेर न काढताच गळ सोडवला. दमलेल्या माशाला तसाच सोडला तर तो कलंडतो. म्हणून पोटाखाली तळहात देऊन मी त्याला पाण्यात उभा धरून राहिलो. कल्ले उघडत होते, मिटत होते. पहिल्यांदा अनियमित, मग संथ. मग तळहातावरचे वजन आपले आपण उचलले गेले आणि तो सावलीत शिरला. हातांना त्याचा वास दुपारपर्यंत राहिला. फायलींना लागू नये म्हणून मी दोनदा साबण लावला.

त्या रात्री ही हकिकत मी अमेरिकेतल्या भाच्याला कळवली. तो मिशिगन राज्यात असतो आणि वसंत आला की तोही तिकडच्या तळ्यांवर जातो. त्यांचे मासे निराळे, बास आणि क्रॅपी. पाण्याची ऊब पंधरा अंशांच्या पुढे गेली की बासचा नर उथळ पाण्यात येतो, शेपटीने तळाचा गाळ झाडून ताटाएवढी जागा स्वच्छ करतो, मादी तेथे अंडी घालून निघून जाते, आणि मग हा एकटा नर अंड्यांवर आणि नंतर पिलांवर पहारा करीत राहतो. क्रॅपीचे नरही तसेच, फक्त ते शेजारीशेजारी वसाहत करून राहतात. क्रॅपीच्या तोंडाची कातडी कागदासारखी पातळ असते, त्यामुळे जरा जोराने ओढले की गळ फाटून सुटतो. पहाऱ्यावरचा बास भुकेने गळाला लागत नाही, तर घुसखोराला हाकलण्यासाठी गळावर धावून येतो. म्हणून तिकडच्या काही राज्यांत विणीच्या दिवसांत बास पकडण्याला बंदी असते, काही ठिकाणी पकडला तर तत्क्षणी सोडावा लागतो. बाप उचलला गेला की काही क्षणांत इतर मासे अंड्यांवर तुटून पडतात.

आमच्या महासीरला असे घर करणे ठाऊक नाही. तो वाहत्या पाण्याचा प्राणी. नदीत पाऊस पडून पाणी चढले की तो वर, उपनद्यांत, ओढ्यांत शिरतो आणि स्वच्छ गोट्यांच्या तळावर अंडी सोडतो. एकदम नव्हे, हप्त्याहप्त्याने. पहारा नाही, घरटे नाही. पहाऱ्याचे काम वाहते पाणी करते. ते थांबले, गढूळ झाले, की अंडी गुदमरतात.

मग असा हा नदीचा मासा तळ्यात आला कसा? याचे उत्तर जुन्या कागदपत्रांत आहे, आणि ते कोणाही सरकारी नोकराला जवळचे वाटेल. १८५६ ते १८८४ या काळात कुमाऊँचे कमिशनर असलेले हेन्री रॅमसे यांनी १८५८च्या सुमारास खालच्या कोसी आणि गौला नद्यांतून महासीर आणवून नैनीताल, भीमताल आदी तळ्यांत सोडवले. म्हणजे एका अधिकाऱ्याच्या आज्ञेने झालेली ही बदली. वाहत्या पाण्यातून साचलेल्या पाण्यात. परतीच्या प्रवासाची तरतूद नाही. मासा काही अर्ज करू शकत नव्हता. पण त्याने त्या तळ्यांत तग धरला. ज्येष्ठ-आषाढात पहिला पाऊस होऊन काठचे नाले वाहू लागले की तळ्यातले महासीर त्या नाल्यांच्या तोंडाशी येऊन थांबतात. पाण्याची धार जेथून येते तिकडे तोंड करून. सुभेदारांनी मला ते दृश्य दाखवले, तेव्हा आम्ही काठी नेलीच नव्हती. त्या दिवसांत न्यायची नसते. छत्री धरून आम्ही दोघे उभे होतो आणि बोटभर पाण्याच्या त्या सरीसमोर सातआठ गडद सावल्या शेपट्या हलवीत जागच्या जागी होत्या. पूर्वजांनी पाहिलेली नदी त्यांनी कधी पाहिली नव्हती. तरी वाहते पाणी कोणत्या बाजूला असते, हे त्यांना सांगावे लागत नव्हते.

भीमतालला शीतजल मत्स्यसंशोधनाची केंद्रीय संस्था आहे. १९८७ मध्ये ती स्थापन झाली. तळ्यातले पक्व मासे अलगद धरून, त्यांची अंडी काढून, वाहत्या पाण्याच्या तबकांत ती उबवण्याची पद्धत तेथे बसवली गेली आहे. तळे जे देऊ शकत नाही ते माणसाने द्यायचे, असा हा व्यवहार. आपल्याकडे लोणावळ्याला, वळवण तलावाच्या काठी, टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकात दख्खनच्या महासीरसाठी हेच काम केले. त्यात मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांचा मोठा वाटा होता. त्या माशाचे शास्त्रीय नाव टॉर खुद्री. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून ते दिले, आणि त्यातला 'खुद्री' हा त्यांच्या कानावर पडलेला इकडचाच शब्द. आपल्या मुलखातला शब्द जगाच्या मत्स्यशास्त्रात जाऊन बसला आहे, याचा अभिमान बाळगायला हरकत नाही.

परंतु या अभिमानाला एक गालबोट आहे, आणि बदलीवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी ते विसरू नये. लोणावळ्याची बोटुकली अनेक राज्यांत पाठवली गेली. ती कावेरीतही सोडली गेली. कावेरीत पूर्वीपासून एक निराळा महासीर होता. पाठीला उंचवटा असलेला, नारिंगी परांचा, आकाराने प्रचंड. १९४६ मध्ये कावेरीला मिळणाऱ्या कबिनी नदीत गळाला लागलेला १२० पौंडांचा महासीर आजही गळकऱ्यांच्या बोलण्यात आहे. आपल्या खुद्रीला कावेरीचे पाणी उत्तम मानवले; इतके की मूळचा मालक हळूहळू दिसेनासा झाला. धरणे, वाळूउपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारी ही कारणे आहेतच. पण बाहेरून आलेला हा जातभाई हेही एक कारण असल्याचे अभ्यासकांनी दाखवले. २०१८ मध्ये तो उंच पाठीचा मासा आंतरराष्ट्रीय लाल यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. भाच्याच्या बासचीही हीच कथा : १९२५ मध्ये तो जपानच्या आशी सरोवरात हौसेने सोडला गेला, आणि पुढे तेथील देशी माशांच्या मुळावर आला. यात माशाचा अपराध कोणताच नाही. पण आपल्याला पाणी मानवले, एवढ्यावर संतुष्ट राहणारा पाहुणा यजमानाला केव्हा जड होतो, ते पाहुण्याला कळत नाही. आपण पाण्याला मानवलो का, हा दुसरा प्रश्न घरचे पत्र कधी विचारीत नाही.

आमच्यापुरते सांगायचे तर या प्रश्नाचे उत्तर पत्नीला माझ्या आधी मिळाले. कुमाऊँत चैत्र महिन्यात बाप किंवा भाऊ लग्न झालेल्या मुलीच्या घरी खाऊ आणि वस्त्र घेऊन जातो. त्याला भिटौली म्हणतात. ज्या बाईकडे कोणी येत नाही तिचा चैत्र कोरडा जातो. आमच्या दुसऱ्या वर्षी एका सकाळी सुभेदार दारात उभे राहिले. 'काय हो साहेब' म्हणाले नाहीत, माझ्याकडे पाहिलेही नाही. पत्नीच्या हातात पुऱ्यांचा डबा आणि एक साडी देऊन म्हणाले, "बहन की भिटौली है।" तिच्या सख्ख्या भावाला कोल्हापूरहून यायला दोन दिवस लागले असते, हा भाऊ कुंपण ओलांडून आला होता. त्या दिवाळीत तिने त्यांना भाऊबीजेला ओवाळले, आणि ताटात काय टाकायचे हे कळेना म्हणून त्यांनी आपल्याजवळचा सर्वांत चांगला चमकता चमचा, मोठ्या माशासाठी वापरतात तो, ओवाळणी म्हणून टाकला.

असे झाल्यावर त्या मुलखाचे आपण काही देणे लागतो हे निराळे सांगावे लागत नाही. देण्याची संधी तिसऱ्या वर्षी आली, आणि ती फाईलच्या रूपाने आली. तळ्याला मिळणाऱ्या त्याच नाल्याच्या सुशोभीकरणाचे अंदाजपत्रक माझ्या मेजावर होते. दोन्ही काठ आणि तळ तळ्यापर्यंत सिमेंट काँक्रीटने बांधून काढायचा, वर कठडा, कठड्यावर दिवे. बेरजा बरोबर होत्या, दर मान्य सूचीप्रमाणे होते, रेखाचित्रे सुबक होती. नाल्यातले गोटे 'अडथळा' या सदराखाली काढून टाकायचे होते. गळ घेऊन मी तेथे बसलो नसतो, तर त्या कागदांत मला नाला दिसला असता. मासा दिसला नसता.

हिशेबाच्या माणसाला माशांविषयी मत देण्याचा अधिकार नसतो, आणि ते योग्यच आहे. त्याला एवढाच अधिकार असतो की कोणता कागद जोडलेला नाही हे दाखवून द्यावे. मी फाईलवर एक ओळ लिहिली : कामाचा जलाशयाशी संबंध येत असल्याने मत्स्य विभागाचा अभिप्राय जोडण्यात यावा. फाईल गेली. मधले महिने मी कुणाला काही विचारले नाही. पण प्रत्येक रविवारी नाल्याकडे पाहताना गोटे जागेवर आहेत ना, एवढे मोजून येत असे. सात महिन्यांनी फाईल परत आली. ज्यांना मी कधी भेटलो नाही अशा एका अधिकाऱ्याने दीड पान लिहिले होते, आणि त्याचा निष्कर्ष असा की तळ्याला मिळण्यापूर्वीची शेवटची साठ मीटर लांबी नैसर्गिक स्थितीत ठेवावी. अंदाजपत्रक तेवढे कमी झाले. हिशेबनीस म्हणूनही मला आनंद झाला.

वरच्या भागात काँक्रीट झाले, दिवेही लागले. संध्याकाळी लोक तेथे फिरायला येतात आणि त्यांना ते आवडते. खालची साठ मीटर जशीच्या तशी ओबडधोबड राहिली. त्यानंतरच्या भाद्रपदात सुभेदार मला तेथे घेऊन गेले. घोटाभर पाण्यात, गोट्यांच्या आडोशाला, जिऱ्याएवढी पिले शेकड्यांनी हलत होती. आपल्याकडे मत्स्यबीजाच्या त्या अवस्थेला मत्स्यजिरेच म्हणतात, ते किती अचूक आहे हे तेव्हा डोळ्यांना पटले. त्यात महासीरची किती आणि इतरांची किती, हे सुभेदारांनाही सांगता येईना. ते बराच वेळ वाकून पाहत राहिले आणि एवढेच म्हणाले, "कुछ तो अपने होंगे।"

या फाल्गुनात माझ्या बदलीचा हुकूम आला. आता भुवनेश्वर. तेथेही पाणी असेल. ते मानवेल की नाही, हे पंधरा दिवसांत कळेल. कार्यभार देण्याच्या यादीत कपाटाच्या किल्ल्या येतात, शिक्के येतात, प्रलंबित फायलींची संख्या येते. साठ मीटर गोट्यांसाठी त्या छापील नमुन्यात रकाना नाही. म्हणून माझ्या जागी आलेल्या गृहस्थांना मी ते चहा घेताना तोंडीच सांगितले. तेलंगणातले तरुण, हुशार अधिकारी. त्या नाल्यासंबंधी पुन्हा कोणतेही अंदाजपत्रक आले, तर मत्स्य विभागाचा अभिप्राय आहे की नाही तेवढे पाहावे, असे मी म्हटले. त्यांनी नोंद करून घेतली. मग जरा थांबून, वडीलधाऱ्या माणसाला विचारावे की नाही अशा संकोचाने त्यांनी विचारले, "सर, आपको मछली बहुत पसंद है क्या? खाने में?"

मी म्हटले, नाही. आमच्याकडे चालत नाही. ते माझ्याकडे पाहत राहिले. तेव्हा मी त्यांना रविवारी पहाटे साडेपाचला तळ्यावर जायला सांगितले. सुभेदारसाहेबांना मी कळवून ठेवले आहे. काठी त्यांच्याकडेच आहे, आणि पाणी, ते म्हणतात, यंदा आठ दिवस आधीच उबले आहे.